विरजणाची बाटली

रविवार, रात्री साडेदहा

आम्हा खाऱ्या पाण्यातल्या माशांचे टँक सांभाळणाऱ्यांचा मेळावा आज ठाण्याला एका सभासदाच्या घरी झाला. पंधरा-सोळा जण जमले होते. पोहे आणि चहा होईपर्यंत नेहमीप्रमाणे पाणी साफ करणारे स्किमर, दिवे आणि मिठाच्या वाढलेल्या किमती यांवर बोलणे झाले, ते लिहून ठेवण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते माझ्या माशांच्या मेलेल्या पिल्लांविषयी.

गेल्या महिन्यात माझ्या क्लाउनफिशच्या जोडीने टँकमधल्या मातीच्या कुंडीवर पहिल्यांदा अंडी घातली. नर दिवसभर परांनी त्यांच्यावर पाणी खेळवत असे आणि पांढरे पडलेले अंडे तोंडाने उचलून दूर करत असे. नारिंगी ठिपके हळूहळू करडे होत गेले, आठव्या दिवशी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागले आणि त्याच रात्री, दिवे मालवल्यावर तासाभरात, पिल्ले बाहेर पडली. त्यांना मी रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, खायला देत होतो. पाचव्या दिवशी त्यांतले एकही उरले नव्हते. क्षारता, तापमान, अमोनिया, सारे तपासले. कशातच दोष सापडला नाही.

ही हकिगत ऐकल्यावर आमच्यातल्या ज्येष्ठ काकांनी एवढेच विचारले, "रोटिफरना काय खायला घालत होता?"

"यीस्ट."

"मग पिल्लं पोटभर जेवून उपाशी मेली."

यीस्टवर रोटिफर भराभर वाढतात आणि ते पाण्यात वळवळताना पाहून पालनकर्त्याचे समाधानही होते, पण माशाच्या पिल्लाला ज्या मेदाम्लांची गरज असते ती यीस्टमध्ये नसल्यामुळे रोटिफरमध्येही उतरत नाहीत. ती समुद्री सूक्ष्म शैवालातून यावी लागतात. म्हणजे मासा वाढवायचा तर आधी त्याचे खाद्य वाढवायचे आणि त्याआधी त्या खाद्याचे खाद्य. मी या साखळीचे मधलेच टोक धरून बसलो होतो, हे कळल्यावर थोडी लाज वाटली.

एका तरुण सभासदाने विचारले की मग पिवळा टँग हा मासा घरी का पैदा होत नाही. क्लाउनफिशची अंडी दगडाला चिकटलेली असतात आणि बाहेर पडणारे पिल्लू रोटिफर गिळू शकेल एवढे तयार असते, तर टँगची अंडी पाण्यावर तरंगतात आणि त्यांतल्या पिल्लाचे तोंड इतके बारीक असते की त्याला कोपेपॉड या कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या सूक्ष्म जिवांची नवजात पिल्लेच लागतात. हवाईतल्या संशोधकांना हा मासा बंदिवासात वाढवणे 2015 साली जमले, तेही अनेक वर्षांच्या अपयशानंतर. आपल्याकडे केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींची पैदास करून दाखवली आहे. तरीही खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे आजही थेट प्रवाळखडकांवरून पकडून आणले जातात, काही देशांत तर सायनाइडने गुंगवून. असा मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि घरी आल्यावर अन्नाला तोंडही लावत नाही. टाकीत जन्मलेला मासा मात्र कोरड्या दाण्यांवर तुटून पडतो. हा फरक मी पैसे मोजून शिकलो आहे.

निघताना काकांनी पाण्याच्या एका जुन्या बाटलीत हिरवट रोटिफर भरून दिले. "हे विरजण समजा. दोन भांड्यांत ठेवा, आणि जमल्यावर थोडं दुसऱ्या कुणाला द्या. एक दिवस तुमचं नासणार, तेव्हा त्याच्याकडून परत आणता येईल." डोंबिवलीपर्यंत ती बाटली मांडीवर, झाकण सैल करून आणली. शेजारच्या बाईंनी काढा कसला आहे म्हणून विचारले. खरे उत्तर द्यायला पुढचे स्टेशन पुरले नसते, म्हणून पोटाचा आहे असे सांगून टाकले.

अर्धे विरजण वॉशिंग मशीनशेजारच्या बादलीत आणि अर्धे खिडकीतल्या काचेच्या बरणीत ओतले आहे. या खेपेची अंडी आज आठ दिवसांची झाली, म्हणून कुंडी सकाळीच वेगळ्या टाकीत, हवेच्या बुडबुड्यांजवळ ठेवली होती. आल्याबरोबर बॅटरीच्या उजेडात क्षणभर पाहिले, डोळे चंदेरी झाले आहेत. हॉलमधला दिवा हिने नऊलाच मालवला आणि आपली मालिका आतल्या खोलीत, आवाज बारीक करून, मोबाइलवर लावली आहे.