सपरीची फरशी, आणि तिला ऊन दाखवायची घाई

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घराची सपरी, म्हणजे पुढची ओसरी, पश्चिमेकडे तोंड करून आहे. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की दुपारभर ऊन थेट फरशीवर. मागच्या उन्हाळ्यात एकदम धाडकन आवाज झाला. बाहेर येऊन पाहतो तर मधल्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून उभ्या. आई नुकतीच तिथून तूर पाखडायचं सूप घेऊन उठली होती. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसरा मिस्त्री बोलावला. त्यानं नाण्यानं फरशी वाजवली, निम्मी पोकळ. एक टाइल उलटी करून दाखवली: पाठ कोरी, सिमेंटचा कणही नाही. "भाऊ, हे विट्रिफाइड हाये, पाणी पीतच नाही. साध्या मालानं कशी धरन? अन् फुगाले जागा तं ठेवलीच नाही." वीस फुटांची ओळ 30 अंश तापली तर एक-सव्वा मिलिमीटरच वाढते, पण दोन्ही टोकांना भिंत असली तर तेवढंही जाईल कुठं?

सगळी फरशी काढली. फुटलेला खालचा थर नव्यानं करून सात दिवस ओला बारदाना टाकला. टाइल्स या वेळी साध्या मालाऐवजी टाइल चिकटवायच्या केमिकलवर, दातेरी थापीनं, फक्त सकाळी सहा ते नऊ. मिस्त्री दर वेळी पसरलेल्या केमिकलला बोट लावून पाहायचा. बोटाला चिकटलं नाही तर खरवडून नवीन लावायचा. हे मला फार पटलं. सांधे 3 मिलिमीटर, भिंतीकडेला 6 मिलिमीटर मोकळे ठेवून वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी. सांधे भरायचं ग्राउट तिसऱ्या दिवशी.

खरा धीर पुढे लागला. वर हिरवी नेट दुहेरी बांधली. दोन आठवड्यांनी एक पदर काढला, चौथ्या आठवड्यात नेट फक्त दुपारी ओढायची. सिमेंटला पुरती ताकद यायला 28 दिवस लागतात, तोवर पूर्ण ऊन द्यायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. आईला दिवेलागणीच्या आधी सडा टाकायची सवय. तापलेल्या फरशीवर एकदम गार पाणी नको, हे तिला समजावलं; ती आता पायानं चटका पाहते आणि मगच पाणी टाकते.

नेट काढली त्या संध्याकाळी मी नाणं घेऊन ओळीओळीनं फरशी वाजवली. तुळशीजवळची एक टाइल बद्द वाजली. मिस्त्रीनं दुसऱ्या सकाळी येऊन ती तेवढी बदलून दिली.