गोड्या पाण्यात उतरताना

तारकर्लीला डायव्हिंग शिकून झुरिचला आलेली मंडळी मला हमखास विचारतात, "तळ्यात बघण्यासारखं काय असतं?" पुष्कळ असतं! मी तर आता इथेच जास्त रमते.

पण आधी शिशाची वजनं, म्हणजे पाण्याखाली जाता यावं म्हणून अंगावर बांधतो ती. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण २.५ टक्के हलकं, त्यामुळे उचल कमी मिळते. तोच सूट असेल तर वजनं कमी करा. जाड सूटला मात्र वाढवावी लागतात, म्हणून काठाशीच तरंगून बघा.

ऑगस्टमध्ये वरचं पाणी छान कोमट असतं. थोडं खाली गेलं की एकदम गार थर लागतो. कपाळाला आधी कळतं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारा भाग, थंड पाण्याचाच हवा, साधा गोठला तर हवा भसाभस सुटत राहते.

तळाशी बारीक गाळ. पायातली फिन (पोहण्याचा पंखा) जरा जोरात हलली की सगळं गढूळ. बेडकासारखे पाय मारायला शिका, मग पाणवनस्पतींजवळ स्थिर राहा. पट्टेदार पर्च मासे स्वतःहून जवळ येतात, त्यांचे लालसर पर हातभर अंतरावरून दिसतात.

आणि हो, हे तळं ४०६ मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर उंचावरच्या डायव्हिंगचे नियम लागतात. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) तसा लावलाय ना, ते उतरण्याआधी जोडीदारालाही विचारा.