आजची केस: छातीतली चरबी

रात्रीचे साडेअकरा. पाय दुखतायत, पण हे लिहून टाकल्याशिवाय झोप यायची नाही.

काका साठीचे, शेतकरी. दम लागतो म्हणून दम्याचा पंप ओढत होते. एक्स-रेत उजवी छाती पांढरी दिसली, कुणीतरी पाणी समजून सुई घातली, हाती काही लागलं नाही. सीटी केल्यावर उलगडा झाला. सीटीच्या मापात पाणी शून्यावर आणि चरबी त्याच्या खाली, साधारण उणे 50 ते उणे 150. इथे जवळजवळ सगळी चरबीच होती. मात्र मध्ये जाड पडदे आणि काही घट्ट भाग, म्हणजे लायपोसार्कोमाची, चरबीच्या कॅन्सरची शंका. चरबी मऊ, ती फुफ्फुसाला हळूहळू सरकवत बसते, त्यामुळे गाठ चांगली फोफावेपर्यंत पेशंटला पत्ता नसतो.

काल तपासताना काका म्हणाले, "आडवा झालो की जीव गुदमरतो, तीन उश्या लागतात." भूल देणं माझं काम, माझ्यासाठी सगळ्या रिपोर्टांपेक्षा हे वाक्य मोठं. स्नायू ढिले करणारं औषध दिलं की छातीचा ताण सुटतो आणि गाठीचं सगळं वजन श्वासनळीवर आणि हृदयावर येतं. म्हणून टेबल अर्धं उभं ठेवलं, श्वास त्यांचा त्यांनाच घेऊ दिला, आणि हळूहळू झोपवत दुहेरी नळी, म्हणजे दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळा श्वास देता येतो ती, श्वासनळीत खाली सरकवली. सर्जन सर हात धुऊन शेजारी उभे, श्वासनळी दबलीच तर ती उघडी ठेवायला रिजिड ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे धातूची ताठ नळी, ट्रॉलीवर तयार. ब्लडप्रेशर एकदा 70 वर आलं. डोकं आणखी उचललं, तेव्हा सावरलं. चीर अजून पडायचीच होती!

पुढचं काम सरांचं. दुर्बिणीतून जमण्यासारखं नव्हतंच, गाठ न फोडता अखंड काढायची होती. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नर्व्ह गाठीला चिकटलेली, ती सोडवण्यातच तास गेला. बाहेर आली तेव्हा पिवळीधमक, लोण्यासारखी चकचकीत, वजन पावणेतीन किलो. मग दबलेलं फुफ्फुस फुगवायचं. तेही एकदम नाही, कमी दाबाने, थांबत थांबत. घाई केली तर फुफ्फुसात पाणी भरतं.

मुलगा बाहेर म्हणाला, "चरबीच ना, मग सुटलो." सरांनी त्याला खुर्चीवर बसवून सांगितलं: पॅथॉलॉजीचा आणि एमडीएम2 चा (साधी चरबीची गाठ की सार्कोमा हे ओळखायला मदत करणाऱ्या जनुकाच्या तपासणीचा) रिपोर्ट यायचाय. सार्कोमा निघाला तर केमो-रेडिएशनचा भरवसा फारसा नाही, खरा इलाज आजचाच. शिवाय तो वर्षांनंतरही परत उगवतो, तेव्हा सीटी करत राहावं लागेल. मुलाने खर्च विचारला. तो विचारणारच.

काका आयसीयूत आहेत, ड्रेनमध्ये रक्त कमी आहे. सकाळी सातला एक्स-रे.