सतरा सह्या

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो, तेथे गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी कर्मचारी सर्वेक्षणाचा निकाल आला आणि त्याच दिवशी, दुपारच्या चहाच्या आधी, एका गिऱ्हाइकाकडून ६४ कव्हर परत आली.

सर्वेक्षणात १२ प्रश्न होते. गॅलप या अमेरिकी संस्थेची बारा प्रश्नांची यादी या क्षेत्रात इतकी रुळली आहे की आमच्या एचआरनेही तिच्याच धर्तीवर कागद छापून घेतले होते. कामाच्या ठिकाणी आपल्या मताला किंमत आहे असे वाटते का, हाही प्रश्न त्यात होता. माझ्या विभागाची सरासरी पाचपैकी ४.३ आली आणि मी खूश झालो. कागद मीच वाटले होते आणि भरून होईपर्यंत तेथेच उभा होतो, ही गोष्ट निकालाच्या तक्त्यात अर्थातच कोठे नव्हती.

परत आलेली कव्हर पंपाची होती. प्रत्येकावर आठ भोके असतात आणि ती पाडताना कव्हर, आमच्या बोलीत ‘जॉब’, फिक्श्चरवर म्हणजे नग जागच्या जागी धरणाऱ्या साधनावर दोन पिनांच्या आधारे बसवतात. भोकांचा व्यास बरोबर होता, पण ती एका बाजूला सरकली होती, त्यामुळे बोल्ट बसत नव्हते. आमच्या तपासणीत दर विसाव्या नगाचा व्यास पाहिला जात असे. भोकाची जागा मात्र लॉटच्या पहिल्या नगावरच तपासली जाई. २४० नगांपैकी नेमके ६४च कसे बिघडले, हे मला उमगेना. कव्हरवर पाळीचा शिक्का असतो. तो जुळवून पाहिला, तेव्हा सगळे खराब नग लागोपाठच्या दोन पाळ्यांचे निघाले आणि त्या दोन्ही दिवशी त्या मशीनचे नेहमीचे ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, भाचीच्या लग्नासाठी जळगावला गेले होते.

मी खाली गेलो आणि पिन काढून मायक्रोमीटर लावला. १२ मिलिमीटरची पिन एका अंगाने ११.७८ भरली. काका शेजारी उभे होते.

‘‘काका, हे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘हो साहेब. म्हणून तर मी जॉब तळव्यानं डावीकडे दाबून मग क्लॅम्प करतो.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

काकांनी उत्तर दिले नाही. मशीनला तारेने अडकवलेली लॉगवही सोडवून त्यांनी माझ्यासमोर उघडी धरली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिले होते: ‘लोकेटर पिन झिजली. बदलावी. तोवर जॉब डावीकडे दाबून बसवावा.’ मागचे पान उलटले, तेथेही तेच. त्याच्या मागेही तेच. अशी सतरा पाने निघाली आणि प्रत्येक पानाखाली हिरव्या शाईत माझी सही होती.

माझे आजोबा १९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत गायकवाडी कचेरीत कारकून होते. शेरा न वाचता सही करणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे, असे ते सांगत. इथल्या मराठी माणसाच्याही तोंडी आता पक्का बसलेला ‘चालशे’, म्हणजे ‘चालेल’, हा गुजराती शब्द त्यांच्या कानी पडला असता तर त्यांनी काय केले असते, कोण जाणे. मी मात्र पाळी बदलताना एका हातात फोन धरून पंधरा वह्यांवर सह्या करीत होतो आणि त्याला देखरेख म्हणत होतो.

गटागटांच्या मनोबलात जी तफावत दिसते, तिच्यातला निदान ७० टक्के भाग व्यवस्थापकामुळे असतो, असा गॅलपचा एक प्रसिद्ध अंदाज आहे. नव्या सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात तो मी ऐटीत सांगत असे. विल्यम कान या अभ्यासकाचा १९९० चा निबंधही माझ्या बोलण्यात येई. आपल्या कामाला अर्थ आहे, बोलल्याने आपले नुकसान होणार नाही आणि अंगात तेवढे त्राण आहे, असे वाटते तेव्हा माणूस कामात स्वतःला ओततो, हे त्याचे म्हणणे. ते सांगताना माझ्या डोळ्यासमोर नेहमी काम टाळणारी माणसे असत. काका तर प्रत्येक कव्हर तळव्याने दाबून बसवत होते. वरून आलेली कोणतीही योजना त्यांना याहून अधिक मन लावायला सांगू शकली नसती. उणीव होती ती लिहिलेले वाचणाऱ्याची, आणि त्यांच्या रजेत मशीनवर उभ्या राहिलेल्या मुलाला हे कोणी सांगण्याची.

पिन त्याच संध्याकाळी बदलली. ती करून घ्यायला टूलरूमला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला मी सर्वांसमोर ती वही उघडली, चूक माझी असल्याचे सांगितले आणि शेऱ्याशेजारी उत्तराचा रकाना आखला. तो मी चोवीस तासांत भरायचा होता, उत्तर ‘नाही’ असले तरी कारणासह. एचआरला मी ४.३ चा आकडा रद्द समजण्याची विनंती केली. ती त्यांना फारशी आवडली नाही.

नऊ दिवस सगळे रकाने कोरे राहिले. माझी परीक्षा चालली आहे हे मला कळत होते, म्हणून मी कोणाला लिहायचा आग्रह केला नाही, फक्त रोज सकाळी वह्यांपाशी जात राहिलो. दहाव्या दिवशी एका लेथवर गुजरातीत ओळ आली की कूलंटला वास मारतो. आम्ही टाकी उपसली, धुतली आणि मी तारीख घालून तसे लिहिले. त्यानंतर पंख्याच्या हलणाऱ्या दांड्यापासून चहातल्या साखरेपर्यंत सगळे येऊ लागले. साखरेला मी ‘नाही’ लिहिले, कारण तिच्यावर दोन पाळ्यांचे एकमत होत नव्हते.

काकांच्या वहीत मात्र महिनाभर काही नव्हते. मग एका शनिवारी त्यांचे ते कललेले अक्षर दिसले: ‘साहेबांचे उत्तर वाचता येत नाही. अक्षर मोठे काढावे.’ मी खाली मोठ्या अक्षरात ‘होय’ लिहिले आणि मग सही केली.