तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात स्कार्फ, आणि तोही स्वतःसाठी?

बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलेली असताना, जिथं म्हणून पिशवीतून क्रोशाची आकड्याची सुई आणि दोरा काढला तिथं हा प्रश्न आलाय. "काय करलालीस गं? कुणासाठी?" मी म्हणते स्कार्फ, पट्ट्यापट्ट्यांचा, माझ्यासाठी. की समोरची जरा थांबते, सुईकडं बघते, माझ्याकडं बघते आणि म्हणते, "अगं पण सोलापुरात स्कार्फ घालणार कधी तू?"

आता गंमत बघा. याच सोलापुरातल्या बाळांसाठी मी लोकरीची टोपडी, मोजे, कुंची असलं काय काय केलंय, त्यातली काही बारशी तर भर मे महिन्यात होती, बाहेर ४२ डिग्री, हॉलमधला कूलर नुसता आवाज करतोय, आणि तरी एकीनंही कधी विचारलं नाही की बाई या उन्हात लोकरीचं टोपडं कशाला. उलट "किती गोड, किती गोड" म्हणून अख्ख्या हॉलभर फिरवलं. दाराचं तोरण केलं, टीव्हीवरचा रुमाल केला (टीव्ही भिंतीवर गेला तसा तो रुमाल फ्रीजवर आला), नणंदेच्या रुखवतात ताटावरचं झाकण केलं, तेव्हा सोलापूरचं हवामान कुणालाच आठवलं नाही. ते आठवतं फक्त "माझ्यासाठी" म्हटल्यावर. त्यामुळं प्रश्न उन्हाचा नाहीये हे मला कळतं, पण विचारलंत म्हणून उन्हाचंही उत्तर देते.

पहिली गोष्ट म्हणजे हा स्कार्फ सुती दोऱ्याचा आहे, लोकरीचा नाही. दुकानात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो ना, ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते, स्वस्त, हलकी, रंग भरपूर, पण आपल्या हवेत मानेला घामाघूम करते आणि चुकून गरम इस्त्री लागली की कायमची लुळी पडते. सुती दोरा घाम पितो. वजनाला जड असतो आणि स्वतःच्याच वजनानं लांबीला थोडा खाली ओढला जातो, म्हणून मी लांबी जरा हातची राखूनच थांबवणार आहे, बास, एवढीच काळजी. दुसरं असं की माझ्या ऑफिसात एसीचं तोंड बरोबर माझ्या मानेवर आहे, बाहेर होरपळायचं आणि आत येऊन मान आखडून बसायचं हा आमचा उन्हाळा. तिसरं, पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना डब्यात बसून बघा. आणि चौथं, गड्ड्याची यात्रा. संक्रांतीच्या दिवसात सिद्धेश्वराच्या यात्रेला रात्री होम मैदानावर उभं राहिलं की तळ्यावरून जो वारा येतो तो ज्यांनी खाल्लाय त्यांनी मला थंडीचं विचारू नये. नंदीध्वजांबरोबर, म्हणजे यात्रेतल्या त्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर, चालणारी माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात, सगळं पांढरंच पांढरं, त्यात माझा एक मोरपंखी-हळदी पट्ट्यांचा स्कार्फ काठावर उभा राहिला तर काय बिघडतंय.

मग पुढचा प्रश्न येतो, आणि हा मात्र खास आपल्याकडचा, "सोलापुरात राहून हातानं काय विणत बसलीस?" बरोबर आहे की. ज्या गावात १८७७ साली कापडाची गिरणी उभी राहिली, ज्या गावच्या चादरीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं मानांकन, मिळालंय, जिथं पूर्व भागात अजूनही गल्लीतून जाताना मागांचा खडखडाट ऐकू येतो, तिथं बाई हातात एक सुई घेऊन वितभर पट्टी करत बसलीय हे दृश्य जरा विनोदीच. पण क्रोशाची गोष्ट अशी आहे की तो मशीनवर होत नाही. माग उभे-आडवे धागे विणतो, जॅकार्ड लावलं की नक्षीचा मोरही काढतो, दोन सुयांचं विणकाम तर मशीनवर कधीच गेलंय, दुकानातले बहुतेक स्वेटर तेच. क्रोशात मात्र प्रत्येक टाका एकटा पुरा करून मगच पुढं जायचं असतं आणि सुई कधी टाक्याच्या वरून, कधी पोटातून, कधी दोन ओळी खालून घालावी लागते, ते हाताचंच काम राहिलंय. बाजारात क्रोशासारखं दिसणारं जे यार्डावर मिळतं ती वेगळ्या विणीची मशीनची जाळी असते, उलटी करून बघितली तर कळतं. आंध्रात नरसापूरकडं बायका घरोघरी जी क्रोशाची लेस करतात ती परदेशात जाते ती काय उगीच नाही. आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरी दोन पिढ्या माग होता, त्या माझी पट्टी हातात घेऊन ताणून बघतात, उजेडात धरतात आणि म्हणतात, याला ताणा कुठंय, बाणा कुठंय? नाहीच अक्का. एका वेळी एकच दोरा चालतो, टोक ओढत गेलं तर सगळं उसवून परत गुंडे होतील. हे त्यांना फार अस्वस्थ करतं.

आता पट्टे का. एका रंगात ६० इंच लांब आणि ७ इंच रुंद नुसते खांबच खांब (क्रोशाचा उंच टाका) घालत जायचं म्हटलं तर अर्ध्यात कंटाळा येतो, मला तरी येतो, पट्टा बदलणार असला की "एवढी ओळ झाली की झोपते" असं म्हणत अजून चार ओळी होतात. शिवाय एकाच रंगाचा दोरा घेताना लॉट नंबर बघून सगळे गुंडे एकदम घ्यावे लागतात, नाहीतर मध्येच छटा बदलते, पट्ट्यांमध्ये ती भानगड कमी. पण सगळ्यात जास्त विचारतात ते हे की इतके रंग म्हणजे इतकी टोकं, ती लपवत कोण बसणार? तर हे नीट सांगते कारण मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. तीन रंग घ्यायचे आणि प्रत्येकाची एकच ओळ घालायची. समजा मोरपंखीची ओळ डाव्या टोकाला संपली, तिथून हळदी सुरू केला तो उजवीकडं येऊन संपला, तिथून मोतिया सुरू केला तो परत डावीकडं जाऊन संपला, आणि आता पाळी मोरपंखीची, तर मोरपंखी कुठं थांबलाय? डावीकडंच! म्हणजे दोरा कापायचाच नाही, नुसता उचलायचा. दोन रंगांत एकेक ओळ घातली तर हे जमत नाही, हवा तो रंग नेमका विरुद्ध टोकाला बसलेला असतो, तिथं दोन-दोन ओळींचे पट्टे घालावे लागतात. तीनाला जमतं, पाचाला जमतं. कडेनं वर नेलेला दोरा फक्त ओढून घट्ट करू नका, कड गोळा होते.

आणि रंग बदलायचा तो ओळ संपल्यावर नाही. शेवटचा खांब अर्धवट ठेवायचा, सुईवर दोन फासे उरले की जुना दोरा सोडायचा आणि नव्या रंगानं ते दोन फासे ओढून घ्यायचे, म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला टाका नव्या रंगाचाच येतो. नाहीतर प्रत्येक पट्ट्याच्या कोपऱ्यात आधीच्या रंगाचा एक ठिपका दिसत राहतो. कुणाला दिसत नाही म्हणतात, मला दिसतो.

माप विचारणाऱ्यांसाठी: ४ एमएमची सुई, जाडसर सुती दोरा, ३० साखळ्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे त्या सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक धरून २८ खांब. दर ओळीला उलटवल्यावर तीन साखळ्या, तो पहिला खांब. आणि शेवटचा खांब आधीच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा, तो हमखास सुटतो, दर ओळीला एक सुटत गेला की स्कार्फ निमुळता होत पतंगाची शेपटी होतो. दहा ओळींनी एकदा खांब मोजा. बाकी काही नाही.

शेवटचा प्रश्न, जो खरं तर प्रश्न नसतोच: "मलाही एक करून दे की, लोकरीचे पैसे देते मी." बघा, हे गाव मजुरी न कळणारं गाव नाही. विड्या इथं हजारावर मोजतात, मागावर पिकाप्रमाणे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, हिशोब होतो, शिवणाऱ्या बाईला ब्लाऊजची शिलाई अस्तर धरून वेगळी सांगतात. फक्त क्रोशाला दोऱ्याचे पैसे दिले की झालं असं सगळ्यांना वाटतं, कारण तो "रिकाम्या वेळातला" ना. हा रिकामा वेळ मी कुठून काढते ते डॉक्टरकडच्या बाकड्यावर तुम्ही बघितलंच आहे. तर करून देणार नाही. बारशाला टोपडं मिळेल, ते चालू आहे. स्कार्फ हवा असेल तर पेठेतून तीन रंगांचा दोरा घेऊन या, सुई माझ्याकडं जास्तीची आहे, रविवारी दुपारी मी घरीच असते, साखळी घालायला तासाभरात येते, आणि चहा माझ्याकडून.