भर समुद्रातला कागद

रेवदंडा, रात्री साडेदहा.

नारळी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले. दुपारच्या भरतीला मामाने होडी काढली. निघण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेलं लायसन, नोंदणी, विमा सगळं एकेक करून बघितलं. कडा मऊ पडलेल्या, पिशवीला सुकटीचा वास. पिशवी बनियनच्या आत गेली, मगच इंजिन सुरू झालं.

तेव्हापासून डोक्यात कार्ताझच आहे, म्हणजे पोर्तुगीजांचा समुद्रावरचा परवाना. आमच्या वाडीमागे कोटाची भिंत आहे ती पोर्तुगीजांची. निजामशहाच्या परवानगीने त्यांनी १५१६ मध्ये इथे वखार घातली, १५२१ मध्ये कोट बांधायला घेतला. गोवा, मलाक्का, होर्मुझ त्याआधीच घेतलेलं. माणसं मूठभर, समुद्र अफाट. म्हणून त्यांनी कागद काढला. त्यावर जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, हत्यारं किती, जाणार कुठे. कागदाची फी किरकोळ, पण तो घेतला की त्यांच्या बंदरात जाऊन जकात भरणं आलं. कागद नसेल तर माल जप्त आणि जहाजही. पूर्वी जकात बंदरात द्यावी लागे. भर पाण्यात अडवून "कुणाला विचारून निघालास?" म्हणणं ही यांची रीत. मला याचा आजही संताप येतो.

आणि कागद असूनही भरवसा नव्हताच! १६१३ मध्ये सुरतेजवळ 'रहिमी' पकडलं. ते जहाज जहांगीर बादशहाच्या आईचं, कार्ताझ घेतलेलं. एवढ्या मोठ्या बादशाहीला आईच्या जहाजासाठी परक्यांकडे परवाना मागावा लागत होता, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. जहांगीराने पोर्तुगीजांचा व्यापार थांबवला, दमणला वेढा घातला. इंग्रज आदल्याच वर्षी सुवाळीला पोर्तुगीजांशी लढून सुरतेत पाय रोवत होते, त्यांचं फावलं. पुढे १६४१ मध्ये मलाक्का डचांकडे गेलं, १६६१ च्या तहात मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना.

मग आमच्या अलिबागेत कान्होजी आंग्रे उभे राहिले आणि म्हणाले, या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या. मुंबईचे इंग्रज ते घ्यायला तयार नव्हते, कान्होजी त्यांची जहाजं धरत राहिले. ते दस्तक कसं दिसायचं, कागद केवढा, शिक्का कुठे, मला एकदा हातात धरून बघायचंय.

भरती अडीचला आहे. मामा तेव्हाच येईल. आईने ओट्यावरचा दिवा चालू ठेवलाय.