एकोणचाळीस मिनिटे मागे

वर्धा ते नागपूर हे जेमतेम ७५ किलोमीटरांचे अंतर, त्यामुळे याला प्रवासवर्णन म्हणावे की नाही यावर आमच्या घरी एकमत नाही. पण डिसेंबर २०२५ मधल्या एका रविवारी आम्ही चौघे मित्रमैत्रिणी सकाळच्या गाडीने निघालो, १९४७ सालात जाऊन आलो आणि रात्री जेवायला घरी पोहोचलो. तेव्हा प्रवास झाला, असे मी धरून चालतो.

स्टेशनबाहेर तर्री पोहे खाऊन आम्ही मेट्रोने सीताबर्डीवरून शंकरनगर चौकात उतरलो. तिथून जवळच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ती एस्केप रूम होती. खोलीत कोंडून घ्यायचे आणि कोडी सोडवत ६० मिनिटांत बाहेर पडायचे, हा खेळ जपानमधल्या क्योटो शहरात ताकाओ काटो यांनी २००७ मध्ये सुरू केला. मोबाइल आणि घड्याळे बाहेरच्या कपाटात ठेवून घेण्यात आली. कोणी एक शास्त्रज्ञ कालयंत्रातून भूतकाळात गेला आणि परतला नाही, त्याच्या मागावर आपण जायचे, एवढीच कथा होती.

पहिली खोली आम्ही दहा मिनिटांत ओलांडली. तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. दुसरी खोली मात्र जुन्या मुंबईतल्या बिऱ्हाडासारखी मांडली होती. लाकडी रेडिओ, पितळी तांब्या, भिंतीवर दोन घड्याळे आणि दिनदर्शिकेचे एकच पान. पान ऑगस्टचे होते, १ तारखेला शुक्रवार होता आणि वर्ष छापलेला कोपरा फाडलेला होता. टेबलाच्या खणाला चार आकड्यांचे कुलूप होते.

आमचा विमा विकणारा मित्र लगेच म्हणाला, "अबे, यंदाच तर पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता! तीन दिवस जोडून सुट्टी, आपण चिखलदऱ्याला नव्हतो का गेलो?" २०२५ लावून पाहिले, कुलूप हलले नाही. शाळेत गणित शिकवणाऱ्या मैत्रिणीने सांगितले की दर २८ वर्षांनी दिनदर्शिका जशीच्या तशी परत येते. म्हणून १९९७ आणि १९६९ लावले. तेही व्यर्थ. अखेर रेडिओकडे पाहत तीच हळूच म्हणाली, "स्वातंत्र्याच्या दिवशीही शुक्रवारच होता." १९४७ वर कुलूप उघडायला हवे होते, पण त्याचे तिसरे चाक इतके झिजलेले होते की चार हा आकडा सरकून दर वेळी पाचावर जायचा. पैसे घेता तर कुलपे तरी धड ठेवा, असे मी कॅमेऱ्याकडे पाहून बोललोही. गेम मास्टरने वरच्या भोंग्यातून शांतपणे सांगितले, "दादा, जरा दाबून फिरवा."

खणात एक चिठ्ठी होती : दोन्ही घड्याळे बरोबर आहेत. एकात नऊ वाजले होते, दुसऱ्यात आठ एकवीस. इथे मात्र माझ्या वाचनाचा उपयोग झाला. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली असली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. दाराच्या कुलपावर ०३९ लावले आणि दार उघडले. (नागपूरच्या सूर्याप्रमाणे चालायचे ठरवले, तर आपल्यालाही घड्याळ साधारण १४ मिनिटे मागे करावे लागेल.)

शेवटच्या खोलीत कालयंत्र होते आणि त्यावर तीन चकत्या. वर्तमानात परतण्यासाठी आजची तारीख लावायची होती. महिना आणि वर्ष क्षणात लागले, पण तारखेवरून चौघांत तीन मते पडली, कारण खिशात मोबाइल नसताना ती कोणालाच खात्रीने सांगता येईना. तीन मिनिटे उरली होती. गणिताची मैत्रीण धावत मागच्या खोलीत गेली आणि तेच फाटके पान घेऊन आली. १९४७ आणि २०२५ यांचे वार एकच, म्हणजे ते पान आजच्याही कामाचे होते. १ ऑगस्ट ते १ डिसेंबर १२२ दिवस, सातांनी भागल्यास बाकी तीन, म्हणून १ डिसेंबरला सोमवार. रविवार येतात ७, १४, २१ आणि २८ ला. "सातला माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं, एकवीस अजून यायची आहे. चौदा लाव!"

दार उघडले तेव्हा चाळीस सेकंद शिल्लक होते. बाहेर आल्यावर विमावाल्या मित्राने आधी कपाटातून मोबाइल काढला आणि तारीख बरोबर आहे ना, ते तपासून घेतले.